कोष्ट्यांच्या जुन्या मसणवटीच्या नोंदी (उमरेडच्या पुढे, नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५)

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, जुने दगड उचलून नेणारे लोक असतात आणि गावातल्या दोन घरांनी तसं सांगितलंही आहे. नागपूरहून उमरेड, उमरेडच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत, एवढं पुरे. एके काळी तिथं घरोघरी खड्डा-माग होता, करवती काठाची लुगडी विणली जायची, आता एकही माग नाही. गावाच्या पश्चिमेला नाल्याकाठी कोष्ट्यांची, म्हणजे विणकरांची, मसणवट आहे. त्या गावातली काही कोष्टी घरं आजही माणसाला जाळत नाहीत, माती देतात.

बाबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये होते, आजोबाही. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी मिल सुरू केली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं म्हणून नाव एम्प्रेस, हे आम्हाला शाळेच्या आधी घरीच पाठ झालं होतं. पण मिलच्या आधी आमचं घर काय होतं याबद्दल घरात एकच ओळ चालत आली, की आजोबांच्या वडिलांना त्या गावात नाल्याजवळ माती दिली. बाबा गेल्या वर्षी गेले. तेरवी झाल्यावर ठरवलं की एकदा जाऊन बघायचं. बघायला गेली आणि चार महिने त्यातच गेले.

कोणाला आपल्या गावात असं काम करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवते. ८ डिसेंबरची नोंद सगळ्यात आधी वाचा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

मी, धाकटा भाऊ आणि भाचा (वय १४). सकाळी सातला निघालो, साडेआठ-पावणेनऊला गावात. जागा विचारली तर लोक आधी नवीन दहनघाटाकडे पाठवतात, टिनाचं शेड असलेला तो. "जुनी, कोष्ट्याची" असं म्हटल्यावर एका दुकानदारानं बरोबर पोरगा दिला.

रायमुनियानं (घाणेरीच्या झुडपांनी) सगळं झाकलेलं होतं, छातीइतकं. काठीनं फांद्या बाजूला करत आत गेलो तर माती दिलेल्या जागांवर बांधलेले ओटे दिसायला लागले. विटा आणि चुन्याचे, कुठं गुडघ्याएवढे, कुठं नुसता उंचवटा. त्या दिवशी १९ मोजले. चारांवर दगड बसवलेला, कामठीकडच्या खाणीतून येतो तो तांबूस रेतीचा दगड, त्यातल्या एकावर अक्षरं आहेत असं हाताला लागलं पण उन्हात वाचता येईना. भर दुपारचे साडेबारा वाजले होते, सरळ वरून ऊन, दगड सपाट दिसतो.

फोटो १३ काढले. त्यात अक्षरांच्या दगडाचा एकच, आणि त्यात भाचा दगडाला टेकून उभा आहे. तेव्हा वाटलं आठवण म्हणून छान आहे.

पेट्रोल ६०० रुपये. पुढे प्रत्येक खेपेला तेवढंच धरा.

१३ ते २८ नोव्हेंबर

या पंधरा दिवसांत मसणवटीत पाय ठेवला नाही, सगळा वेळ परवानगीत गेला. २० तारखेला विधानसभेचं मतदान, त्यामुळे ग्रामपंचायतीत, तलाठ्याकडे, कुठंच कोणी जागेवर नाही. ते समजण्यासारखं आहे, निवडणुकीच्या आठवड्यात अशा कामाला जाऊ नये हीच चूक माझी.

खरी अडचण वेगळी होती. शेजारच्या शेतकऱ्याचं म्हणणं की धुऱ्यापर्यंतची (बांधापर्यंतची) जागा त्याची आहे, आणि सात-बारावर बघितलं तर मसणवटीचा उल्लेख सापडेना. एका कार्यालयात तीन खेपा झाल्या, तिन्ही वेळा उद्या या. शेवटी गावातल्याच एका रिटायर्ड कोतवालांनी सांगितलं की सात-बारा धरून काय बसल्या ताई, निस्तार पत्रक मागा. आपल्या विदर्भात हे कागद आहेत, गावाची कुरण, गाडरस्ता, मसणवट, माती-मुरूम काढायची जागा अशी सगळ्यांच्या वापराची जमीन त्यात नोंदलेली असते. निस्तार पत्रकात आमची जागा निघाली, मसणवट म्हणूनच निघाली. त्याची नक्कल दाखवल्यावर शेतकरीभाऊ दोन मिनिटं वाचत बसले आणि म्हणाले, मंग करा ना, माह्या काही हरकत नाई. नंतर पाणी त्यांच्याच विहिरीतून मिळालं.

ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र २८ ला हातात आलं. सरपंच म्हणाले जेसीबी लावून देतो, दोन तासांत मोकळं करून देईल. चांगल्या मनानं म्हणाले, पण हात जोडून नाही म्हटलं. जेसीबी फिरला असता तर उंचवटे आणि ओटे दोन्ही गेले असते.

अर्ज, नकला, झेरॉक्स मिळून १२० रुपये. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून ये-जा परवडली, ती हिशोबात धरली नाही.

१ डिसेंबर, रविवार

झाडोरा कापला. गावातलेच तीन जण, दोन पुरुष आणि एक बाई, ४०० रुपये रोज प्रत्येकी. हे काम थंडीतच करा, साप सुस्त असतात.

सांगितलं होतं की विळ्यानं जमिनीलगत कापायचं, उपटायचं नाही. पण एका ओट्याच्या (नंतर नंबर ४) सांध्यातून पिंपळाचं रोप निघालेलं होतं, मनगटाएवढं जाड, आणि मी दुसऱ्या टोकाला असताना एकानं ते दोन्ही हातांनी ओढलं. मूळ आत पसरलेलं असतं, त्याच्यासोबत ओट्याचा कोपरा आला. साधारण हातभर लांबी, तीन थर विटा. आतली माती दिसली.

सगळे थांबले. ओढणाऱ्या भाऊचा चेहरा पांढरा पडला होता. बाईनं पदर डोक्यावर घेतला, कोणीतरी गावातून नारळ आणला, उदबत्ती लावली, मग आम्ही ती जागा पोत्यानं झाकून वर विटा रचून ठेवल्या. विटा कोणत्या थरातून पडल्या ते खडूनं लिहून ठेवायला हवं होतं, तेही सुचलं नाही.

पिंपळ-वड असेल तर मूळ तिथंच कापायचं, जेवढं दिसतं तेवढं, आणि मुळाचा तुकडा आत राहू द्यायचा. परत फुटेल, परत कापायचं. दोन-तीन वर्षं लागली तरी लागू द्या.

मोकळं झाल्यावर मोजले तर ३१ ओटे.

८ डिसेंबर, रविवार

हे लिहायला आठ दिवस लावले, तरी लिहायलाच पाहिजे.

अक्षरांचा दगड (नंबर ७) शेवाळ आणि पांढऱ्या-करड्या पापुद्र्यानं भरलेला होता. उमरेडच्या हार्डवेअरमधून ६० रुपयांचा तारेचा ब्रश घेतला होता, लोखंडी गेट घासतात तो. पाणी टाकलं आणि घासायला लागली. पापुद्रा निघून राहिला होता, खाली तांबूस स्वच्छ दगड दिसत होता, मला इतका आनंद होत होता की मी थांबलीच नाही. पाणी लाल वाहत होतं. मला वाटलं माती आहे.

माती नव्हती, दगडच होता. हा रेतीचा दगड सव्वाशे वर्षं ऊन-पाऊस खाऊन वरून पोकळ झालेला असतो, वरची कातडी तेवढी धरून ठेवलेली असते आणि अक्षरं त्याच कातडीत कोरलेली असतात. पुसल्यावर हाताला लाल भुकटी लागली, बारीक, कुंकवासारखी. वरच्या ओळीचा डावा भाग आणि मधल्या ओळीचा शेवट सपाट झाला होता. चार-पाच मिनिटांचं काम.

उरलं ते एवढं: वरच्या ओळीच्या शेवटी "बा", मग एक शब्द जो "कोष्टी" वाटतो. मधल्या ओळीत "शके १८" आणि पुढे काहीच नाही. खालची ओळ जमिनीलगत, मातीत बुडालेली म्हणून बचावली, तिच्यापर्यंत ब्रश पोचला नव्हता.

म्हणजे माणसाचं नाव गेलं आणि साल गेलं. ज्यांना माती देऊन झाल्यावर कोणीतरी खर्च करून अक्षरं कोरून घेतली, त्यांचं नाव मी पुसलं. भाऊ म्हणत होता पुढे वाचू आपण, निघेल काहीतरी. मी तिथंच बसून रडली आणि त्या दिवशी पुढचं काही काम झालं नाही.

घरी येऊन १० नोव्हेंबरचा तो एक फोटो मोठा करून बघितला. सालाच्या शेवटच्या दोन आकड्यांवर भाच्याचं कोपर आहे.

तारेचा ब्रश, ॲसिड, बाथरूमचं क्लीनर, कपड्याची पावडर, यातलं काहीच दगडाला लावू नका. खडू किंवा पीठ चोळून अक्षरं उठवायचा सल्ला खूप जण देतात, तेही करू नका, पीठ सांध्यात बसतं आणि मुंग्या लागतात. आणि हात लावायच्या आधी प्रत्येक दगडाचे फोटो काढा, समोरून, दोन्ही बाजूंनी, सकाळी आणि संध्याकाळी, कोणी टेकून उभं नको.

१५ डिसेंबर, रविवार

आता नवीन साहित्य: औषध कधीच न भरलेला नवा फवारणी पंप (शेतातला वापरलेला घेऊ नका, आतलं औषध दगडात मुरतं), काथ्याचे कुंचे, बांबूच्या काड्या. ४५० रुपये. पद्धत अशी की साधं पाणी फवारायचं, वीस मिनिटं थांबायचं, कुंचा नुसता फिरवायचा, जे सहज निघालं ते निघालं. बाकीचं दगडावर राहू द्यायचं. शेवाळ राहिलं तरी दगड उभा राहतो, हे आता कळतंय.

दुपारनंतर नकाशा. एका टोकाच्या कडुनिंबापासून दुसऱ्या टोकाच्या बाभळीपर्यंत दोरी ताणली, दोरीवर दर मीटरला गाठ, आणि प्रत्येक ओट्याचं अंतर दोरीपासून काटकोनात मोजलं. भाचा टेप धरायचा, भाऊ लिहायचा. फोनच्या नकाशावर बिंदू टाकून बघितले होते, पण तिथं चार-पाच मीटरचा फरक येतो आणि आमचे ओटे एकमेकांपासून दीड मीटरवर, त्यामुळे ते सोडलं. दोरीनं चार तासांत ३१ झाले.

नंबर १२ च्या दगडावर मधोमध एक आकार दिसला, दोन्हीकडे टोकदार, मध्ये फुगीर, होडीसारखा. धोटा! मागावर आडवं सूत नेणारा धोटा अगदी तसाच असतो. विणकराच्या ओट्यावर धोटा कोरलेला, मला काय वाटलं ते सांगता येत नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर लगेच फोटो टाकला, खाली लिहिलं की आपल्या लोकांच्या मातीवर धोटा कोरलेला सापडला. शंभरच्या वर उत्तरं आली, एका काकांनी तो फोटो फ्रेम करायला दिला.

या सगळ्यात पडलेल्या कोपऱ्याकडे लक्ष नव्हतं. गावातला मिस्त्री लावला होता, त्याला "पहिल्यासारखं कर" एवढंच सांगितलं. संध्याकाळी बघितलं तर सिमेंट. त्यानं नीट मन लावून केलं होतं, चूक सांगणाऱ्याची. मजुरी ८००, सिमेंट ३८०.

२१ डिसेंबर, शनिवार

विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचा शेवटचा दिवस, नागपुरातून बाहेर पडायलाच तास गेला. पण आज संध्याकाळीच जायचं होतं, अंधारात टॉर्च लावून दगड वाचायला.

आधी सिमेंट काढलं. सहा दिवसांत ते विटेपेक्षा कडक झालं होतं, छिन्नी लावली तर सिमेंट सुटायच्या आधी वीट फुटायची. चार जुन्या विटा गेल्या. चुन्याच्या बांधकामाला सिमेंट लावायचं नाही असं सगळे सांगतात, पण का ते आज हातानं कळलं.

साडेसहाला पूर्ण अंधार. टॉर्च दगडाच्या समोर धरायचा नाही, बाजूला, दगडाला जवळजवळ चिकटून, म्हणजे उजेड खरवडत जातो आणि जरा खोल असलेल्या ठिकाणी सावली पडते. दिवसा जे सपाट होतं ते एकदम उठून येतं. भाचा टॉर्च हळूहळू फिरवायचा, मी कागदावर उतरवून घ्यायची.

नंबर १२ वर टॉर्च धरला आणि धोट्याच्या शेजारी दुसरा धोटा दिसला. मग तिसरा. आठ. गोल फिरलेले. कमळ आहे ते, सात पाकळ्या झिजल्या आणि एक उरली. ग्रुपवर रात्रीच खुलासा टाकला, काकांना वेगळा फोन केला. ते काही वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले कमळही चालते बेटा.

नंबर ७ वर मी घासलेल्या जागी काहीही उठलं नाही. तिथं खरंच काही उरलेलं नाही. खालच्या ओळीची माती बांबूच्या काडीनं आणि पाण्यानं काढली, हाताला लागू न देता, आणि ती ओळ पूर्ण निघाली:

"विकारी नाम संवत्सरे पौष शु॥ ६"

२२ ते २९ डिसेंबर (घरी)

संवत्सराचं नाव म्हणजे साल सापडायचा रस्ता. साठ संवत्सरं असतात, प्रभवपासून सुरू होऊन फिरत राहतात, प्रत्येक शकाला एक नाव. विकारी हे तेहतिसावं. अलीकडचं विकारी शके १९४१, म्हणजे २०१९ चा गुढीपाडवा. त्यातून साठ-साठ मागे जायचं: १८८१, १८२१, १७६१. आपल्याकडे "शके १८" एवढं शाबूत आहे, म्हणजे १८२१ किंवा १८८१. दोनच.

मी लगेच वहीत लिहिलं: शके १८२१ अधिक ७८, इ.स. १८९९. हेही चुकलं. शक चैत्रात बदलतो आणि इंग्रजी वर्ष जानेवारीत, त्यामुळे पौषासारख्या महिन्याला नुसते ७८ मिळवून चालत नाही. जानेवारी लागून गेला असेल तर ७९ मिळवायचे. त्या वर्षीचा पौष जानेवारी १९०० मध्ये लागतो, शुद्ध षष्ठी म्हणजे १९०० च्या जानेवारीचा पहिला आठवडा. दुसरा पर्याय धरला तर जानेवारी १९६०.

१९०० म्हणजे दुष्काळ. मध्य प्रांतात १८९६-९७ चा दुष्काळ होऊन माणसं सावरली नव्हती तोवर १८९९ ला परत पाऊस गेला. दुष्काळात विणकराचं दुहेरी मरण, शेतकऱ्याचं पीक जातं तसं त्याचं गिऱ्हाईक जातं, कारण पोटाला नसताना लुगडं कोण घेतो, आणि त्याच्याकडे शेतही नसतं. अक्षरांचं वळण बघून मला १९०० च वाटत होतं. पण वाटण्यावर लिहायचं नाही हे धोट्यानं शिकवलं.

कॅलेंडर उघडलं. या वर्षीची पौष शुद्ध षष्ठी ५ जानेवारीला, रविवारी. ज्यांचं माणूस असेल ते घर अजून गावात असलं आणि तिथी पाळत असलं, तर त्या दिवशी कोणी ना कोणी दिवा लावायला येईल. आलं नाही तर नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

साडेसहाला पोचलो. नाल्यावर धुकं, ओट्यांवर दव. आम्ही कडुनिंबाखाली सतरंजी टाकून बसलो, कामाला हात लावला नाही, कोणी येणार असेल तर आम्हाला बघून परत जाऊ नये म्हणून.

आठ, साडेआठ, नऊ. मिस्त्री आला, त्याला नंबर ४ चं काम सांगून तिकडे पाठवलं. यावेळी चुना, उमरेडमधून आणलेला रंगाचा चुना, ९० रुपयांचा. (तो जुना पडलेला होता, त्याचं पुढे येईल.)

साडेनऊच्या सुमारास पायवाटेवर एक आजी आणि त्यांचा नातू. नऊवारी, हातात पितळेचं तबक, वर फडकं. आमच्याकडे न बघता सरळ नंबर ७ कडे गेल्या. दगडासमोर उकिडव्या बसल्या, पदरानं वरची धूळ झटकली, पणती ठेवली. वात पेटेना, दव होतं, नातवानं हाताचा आडोसा केला. दोन काड्या वाया गेल्या, तिसरीनं पेटली. मग उठल्या आणि दोन पावलं सरकून नंबर ९ समोर, ज्यावर दगड नाही, अक्षर नाही, नुसता विटांचा उंचवटा, तिथं दुसरी पणती.

त्यांचं झाल्यावर जवळ गेली, पाया पडली. म्हणाल्या, "कोन व्हय तुमी? कोनाच्या?" आमच्या घराचं सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं. मग त्यांनी मला खाली बसवलं.

दगड कोणाचा, तर त्यांच्या आजेसासऱ्याच्या वडिलांचा. "मी लगन होऊन आली तवा हा गोटा असाच होता, अर्धा मातीत. सासू आनत होती मले दिवा लावाले, सासूले तिची सासू." आजींचं लग्न होऊन साठ वर्षं होतील. दगड १९६० चा असता तर त्या आल्या तेव्हा नवा असता, आणि सासूच्या सासूनं दिवा लावायचा प्रश्नच आला नसता. शके १८२१. एवढं पक्कं झालं.

त्या पुढे जे बोलल्या ते जमेल तसं उतरवलंय. दुष्काळात मागावर सूत नव्हतं आणि सूत असतं तरी लुगडं घ्यायला कोणी नव्हतं. नवरा पौषात गेला. त्याचा मोठा भाऊ नागपूरला मिलीत होता, दगड त्यानं लावला, रोख पगार होता म्हणून. बायको त्याच उन्हाळ्यात गेली, तिला माती दिली ती नंबर ९. "तवा दगडाले पैसे कुठून आनावं. तिची तिथी कोनाले मालूम नाई बाप्पा. मून तिचा दिवा बी आजच." पाच वर्षांचा पोरगा उरला, काकानं नागपूरला नेला, मोठा झाल्यावर तो परत गावात आला आणि त्यानं माग टाकला. ते आजींचे आजेसासरे.

मी नाव विचारलं. दगडावरचं नाव माझ्या हातून गेलं हे आधी सांगितलं, तारेच्या ब्रशाचं सगळं सांगितलं. आजींनी दगडाच्या त्या सपाट जागेवर हात ठेवला, काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी नाव नाई घेत." सासरच्या वडील माणसाचं नाव त्यांनी आयुष्यात कधी घेतलेलं नाही. नातवाला माहीत नव्हतं, त्यांच्या मुलालाही नसेल म्हणाल्या. आम्ही गप्प बसलो. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पंढरपुरात इटेवर उभा हाय ना, त्याचं."

दगडावर उरलेलं "बा" बसलं.

निघताना मी आमच्या पणजोबांचं विचारलं. आजींनी नाल्याकडे हात केला. "तुमच्या घरची रांग तिकडं होती, खालच्या अंगाले. नाल्यानं नेली." मोठ्या पुरात काठ खचला, पाच-सहा ओटे होते, त्यांच्या लग्नानंतरची गोष्ट. मी काठावर जाऊन उभी राहिली. खाली वाळूत दोन-तीन विटा पडलेल्या आहेत, त्या तिथंच ठेवल्या.

१२ जानेवारी, रविवार

नंबर ४ चा चुना नखानं निघून राहिला. दुकानातला पिशवीतला चुना किती दिवसांचा आहे ते कळत नाही, हवा खाऊन खाऊन त्याचा जोर गेलेला असतो, तो भिंत पांढरी करेल पण वीट धरणार नाही. मिस्त्रीचे ८०० परत वाया.

उमरेडच्या एका जुन्या गवंड्यांना विचारलं, त्यांनी कळीचा चुना घ्या म्हणून सांगितलं, खडे असतात तो. २५० रुपयांचा आणला आणि आजींच्या अंगणात लोखंडी टाक्यात विरवला. हे करताना पोरांना लांब ठेवा, पाणी अक्षरशः उकळतं, भाऊच्या मनगटावर एक थेंब उडाला त्याचा डाग अजून आहे. पाणी आधी, त्यात खडे हळूहळू, डोळ्याला चष्मा. वर चार बोटं पाणी ठेवून तीन आठवडे झाकून ठेवला. पाणी कमी झालं की नातू भर टाकायचा.

२ फेब्रुवारी, रविवार

चुना लोण्यासारखा झाला होता. पडलेल्या आणि फुटलेल्या विटा कुटून चाळून सुरखी केली, म्हणजे २१ डिसेंबरला फुटलेल्या चार विटा त्याच ओट्यात परत गेल्या. एक भाग चुना, एक सुरखी, एक बारीक रेती. विटा आधी रात्रभर भिजवलेल्या, कोरडी वीट चुन्याचं पाणी ओढून घेते. मजुरी ८००. काम झाल्यावर ओलं पोतं, आणि नातवानं रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, चौदा दिवस. त्याला पैसे देऊ केले तर त्यानं घेतले नाहीत, क्रिकेटचा बॉल मागितला.

नंबर ७ ला काही केलेलं नाही. अक्षरं परत कोरून घ्या असं दोघा-तिघांनी सुचवलं, आजींच्या मुलाला विचारलं, त्यांनी आईला विचारलं, आजी म्हणाल्या राहू द्या. नाव आणि तिथी नोंदवहीत लिहिली आहे, वहीची एक प्रत त्यांच्या घरी. खालच्या ओळीवर परत माती टाकून ठेवली, ती मातीत होती म्हणून वाचली.

१६ फेब्रुवारी, रविवार

नंबर ४ चा कोपरा नखानं ओरखडत नाही. पोतं काढलं.

एसटी सोडून सगळा खर्च १०,३५०. त्यातले सिमेंट, जुना चुना, तारेचा ब्रश आणि त्या दोन दिवसांची मजुरी धरून २,१३० नुसते चुकांचे. गाडीच्या खेपा नऊ.

नकाशाच्या तीन प्रती केल्या, ग्रामपंचायत, आजींचं घर आणि आम्ही. द्यायच्या आधी आजींना दाखवला. त्यांना वाचता येत नाही, पण कडुनिंब कुठं आणि पायवाट कुठं ते सांगितल्यावर त्यांनी बोट ठेवून एकेक ओटा ओळखला, अकरा घरं सांगितली, ती पेन्सिलनं लिहून घेतली. नंबर २२ आणि २३ आम्ही दोन धरले होते, तो एकच लांब ओटा आहे म्हणाल्या, मध्ये खचलाय, खाली जुळी पोरं आहेत. आता ३०.

नाल्याच्या काठाला आमच्या घरची रांग तुटक रेषेनं काढली आहे, नंबर न देता. काठ अजून खचतोय, सगळ्यात जवळचा नंबर ३१ काठापासून दोन मीटर दहा सेंटिमीटरवर आहे. पावसाळ्याच्या आधी तिथं दगडाची पिचिंग करायची (काठाला दगड बसवायचे) म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, पोच घेतली आहे.